देवाचे राज्य आणि आपला पेण-रोह्याचा मुलूख

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघणार असून तिच्यात आपल्या मुलखाच्या इतिहासावर काही लिहावे, अशी चिटणीसबाईंची सूचना आली तेव्हा मी प्रथम टाळाटाळच केली. पेणच्या गणपतींचा व्यवसाय, खारेपाटातले बांध, रोह्याच्या धावीर महाराजांची पालखी, यांवर मजपेक्षा अधिकाराने लिहिणाऱ्या भगिनी मंडळात आहेत. मी ख्रिस्ती घरातली. माहेर रोहे, सासर पेण, आणि मधली तीस वर्षे प्राथमिक शाळांतून मुलांना पाढे शिकवण्यात गेली. पण गेल्या उन्हाळ्यात पापड लाटायला बसलो असता शेजारच्या वहिनींनी सहज विचारले, "बाई, तुमच्या प्रार्थनेत तुम्ही रोज एक राज्य मागता म्हणे. पोर्तुगीज गेले, इंग्रज गेले. आता कुणाचं मागता?" विचारण्यात खोच नव्हती, निव्वळ कुतूहल होते. परंतु हाच प्रश्न खोच ठेवून विचारणारेही जगात आहेत. ही माणसे आपली, की दुसऱ्या कुठल्या राजाची? तेव्हा म्हटले, या प्रश्नाचाच इतिहास लिहावा. तो निघतो रोमच्या साम्राज्यातून हे खरे. पण पुढे तो आपल्या कुंडलिकेच्या मुखाशी येतो आणि पेण तालुक्यातील एका खेड्याशीही त्याचा संबंध पोहोचतो, हे पुष्कळ जणींना ठाऊक नसेल.

प्रथम 'राज्य' या शब्दाविषयी थोडे. प्रभू येशूच्या काळी त्याचा देश रोमन लोकांच्या ताब्यात होता. कर रोमचा, शिपाई रोमचे. यहुदी लोक स्वराज्याची वाट पाहत होते, आणि येशू देवाच्या राज्याची भाषा बोलू लागला तेव्हा पुष्कळांना वाटले, आता हा बंड उभारणार. पण त्या राज्याचे दाखले देताना त्याने सिंहासनाचे, हत्तीघोड्यांचे नावही काढले नाही. दाखले दिले ते घरातले. बाई पिठात थोडे खमीर घालते आणि सगळे पीठ फुगून येते. बाईचे एक नाणे हरवते. ती दिवा लावून सगळे घर झाडून काढते आणि सापडले की शेजारणींना बोलावून आनंद करते. आंबोळीचे पीठ रात्री झाकून ठेवणाऱ्या आपल्या कोकणातल्या बाईला यातले काही फोड करून सांगावे लागत नाही. शिष्यांना त्याने मिठाची उपमा दिली. पेण-उरणकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मिठाचे मोल कळते. मीठ आमटीत वेगळे दिसत नाही. नसले म्हणजे मात्र पहिल्याच घासाला कळते. पुढे रोमन सुभेदारापुढे उभे केल्यावर त्याने सांगितले की, माझे राज्य या जगातल्या राज्यांसारखे नाही. तसे असते तर माझी माणसे माझ्यासाठी लढली असती.

'नागरिक' हा शब्द या संदर्भात वापरला तो संत पौलाने, आणि त्याची हकीकत महिला मंडळात सांगण्यासारखी आहे. मासेदोनिया प्रांतात फिलिप्पै नावाचे शहर होते. ती रोमन वसाहत होती आणि तेथील लोकांना आपल्या रोमन नागरिकत्वाचा मोठा अभिमान असे. पौल तेथे गेला तेव्हा वेशीबाहेर नदीकाठी काही बायका प्रार्थनेसाठी जमल्या होत्या. त्यांच्याशी तो बसून बोलला. त्यांत लुदिया नावाची, जांभळ्या रंगाच्या उंची वस्त्रांचा व्यापार करणारी एक बाई होती. तिने प्रथम विश्वास ठेवला आणि आपल्या घरात या पाहुण्यांना जागा दिली. म्हणजे फिलिप्पैची मंडळी सुरू झाली ती नदीकाठच्या बायकांच्या बैठकीतून! याच मंडळीला पुढे पौलाने पत्र लिहिले आणि त्यात आपले नागरिकत्व स्वर्गातले आहे असे सांगितले.

आता यावर कोणी म्हणेल, बरे झाले, मग पृथ्वीवरच्या राज्याशी यांचा संबंध सुटला. पण त्याच गावात काय घडले ते पाहा. पौलाला आणि त्याच्या सोबत्याला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात घातले गेले. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा निरोप पाठवला. पौल हलेना. आम्ही रोमन नागरिक आहोत, आम्हांला चौकशीवाचून चारचौघांत मारले, आता अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. आणि ते आले! ज्या माणसाने स्वर्गाचे नागरिकत्व सांगितले त्याने पृथ्वीवरचे असे ताठ मानेने वापरले. मला स्वतःला धर्मशास्त्रातल्या कितीतरी मोठमोठ्या प्रवचनांहून ही तुरुंगातली सकाळ अधिक बोलकी वाटते. ख्रिस्ती माणसाची दोन नागरिकत्वे आहेत आणि एकाच्या नावाखाली दुसऱ्याचे कर्तव्य किंवा हक्क टाकून द्यायचा नाही, हे त्यातून स्पष्ट होते.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका पुढे रेवदंड्याच्या खाडीने समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा-चौल आणि दक्षिणेला, डोंगराच्या सोंडेवर, कोर्लईचा किल्ला. चौलला पोर्तुगिजांनी अहमदनगरच्या निजामशाहीच्या संमतीने १५२१ साली ठाणे बांधले आणि १५९४ साली कोर्लईचा डोंगरही जिंकून घेतला. त्यांच्या चाकरीत जी माणसे होती ती बहुतेक इकडचीच. त्यांतली पुष्कळशी समाजाने खालच्या मानलेल्या जातींतली. ती ख्रिस्ती झाली. कशी झाली, किती मनापासून झाली, याचा हिशेब आता कोणी मांडू शकत नाही. पोर्तुगिजांनी सत्तेच्या जोरावर धर्म वाढवला, हे मी ख्रिस्ती असूनही मोकळेपणाने म्हणते. सिंहासनाच्या आधाराने जे उभे केले जाते त्याला मी देवाचे राज्य म्हणणार नाही.

पण खरी कसोटी पुढे आली. चिमाजी आप्पांच्या स्वारीत १७३९ साली वसई पडली आणि १७४० साली चौल व कोर्लई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज सरदार, सैनिक, व्यापारी गोव्याकडे निघून गेले. ही गरीब शेतकरी माणसे कुठे जाणार? ती इथेच, किल्ल्याच्या पायथ्याशी राहिली. ज्या राजाचा धर्म घेतला म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले जात असे, तो राजा गेला. आता धर्म टिकवून मिळण्यासारखा काहीच लाभ नव्हता: नोकरी नाही, संरक्षण नाही, मानमरातब तर नाहीच. तरीही त्यांनी तो सोडला नाही. माझ्या मते कोर्लईच्या ख्रिस्ती मंडळीचा खरा इतिहास १५२१ पासून धरण्याऐवजी १७४० पासून धरावा. पृथ्वीवरचे राज्य पायाखालून निघून गेल्यावर जे उरले, ते त्यांचे स्वतःचे होते.

या पावणेतीनशे वर्षांत तेथे पेशवाई होऊन गेली, इंग्रजी अंमल आला नि गेला. कोर्लईकर भात लावीत राहिले, भाजीपाला पिकवीत राहिले. माउंट कार्मेलच्या मातेचे त्यांचे देऊळ आहे. आणि एक नवल त्यांनी जपले आहे: पोर्तुगीज शब्दांची, पण रचना पुष्कळशी आपल्या मराठीसारखी असलेली एक बोली. क्रियापद आपल्यासारखेच वाक्याच्या शेवटी येते. बोलणारी माणसे फार तर हजाराच्या आसपास. ती तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. परदेशातून भाषापंडित येऊन तिचा अभ्यास करून गेले. पंडितांनी व्याकरण लिहून ठेवले हे चांगलेच झाले. पण पोर्तुगिजांशी संबंध तुटल्यावरही ही भाषा जिवंत राहिली ती चुलीपुढे बसून लेकरांशी बोलणाऱ्या बायांच्या तोंडी, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. शाळेत त्यांची मुले मराठी शिकतात. देवळातील उपासनाही १९६० च्या दशकापासून मराठीत होऊ लागली. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि दोन्ही आपल्याच. यात त्यांना कधी अडचण वाटलेली दिसत नाही. अडचण वाटते ती बाहेरून पाहणाऱ्यांना.

कुंडलिकेच्याच काठी, रोहे-अष्टमीत आणि इकडे पेणला, आणखी एक समाज असा राहिला की ज्याचा राजा स्वर्गात आणि घर कोकणात. ते म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावोगाव त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावेच पाहा: पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर! देवाला विश्वाचा राजा म्हणून संबोधणाऱ्या प्रार्थना ते पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. देवाच्या राज्याची कल्पना आम्हां ख्रिस्ती लोकांना मिळाली ती यांच्याच धर्मशास्त्रातून; तेव्हा त्या बाबतीत ते थोरल्या घरचे. अमेरिकन मिशनरींनी १८१३ साली मुंबईत काम सुरू केले आणि पुढे आपल्या किनाऱ्याला मराठी शाळा घातल्या, त्यांत बेने इस्राएल मुले पुष्कळ येत आणि शिक्षकही त्यांच्यातले असत. त्यांनी अक्षरे घेतली. बाप्तिस्मा मात्र बहुतेकांनी घेतला नाही. मला यात दोन्ही पक्षांची शोभा दिसते. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथेही जुन्या मंडळींची मराठी सुटलेली नाही.

शाळांचे नाव निघाले म्हणून सिंथिया फॅरार बाईंचे नाव घेतलेच पाहिजे. ही अविवाहित अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आली आणि पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालवीत १८६२ साली तेथेच वारली. तिची शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनाने घेतले, आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. आज या स्मरणिकेत आपण लिहितो-वाचतो, त्याच्या मुळाशी असलेली ही एक कडी.

परंतु देवाच्या राज्याचे नागरिक होणे म्हणजे घरातल्या घरात काय, हे मराठीत ज्या बाईने सर्वांत खरेपणाने सांगितले ती लक्ष्मीबाई टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या कोकणातलेच. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ती बातमी कळल्यावर लक्ष्मीबाईंवर जो प्रसंग गुदरला तो 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. काही वर्षे ताटातूट झाली. मग त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या, पण धर्म सांभाळून: चूल वेगळी, पाणी वेगळे, सोवळे जसेच्या तसे. टिळकांनी जुलूम केला नाही. आणि मग लक्ष्मीबाईंच्या मनाने आपणहून विचार केला की जाती माणसांनी केल्या, देवाने नव्हेत. तो विचार पक्का झाल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी घेण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी पाण्याचा घडा, मग बाप्तिस्म्याचे पाणी! पुढे त्यांच्या घरात पोरक्या मुलांचा राबता कायम राहिला आणि कोण कुठल्या जातीचे हा प्रश्न पंगतीत उरला नाही.

पाण्याच्या घड्याची गोष्ट मला जवळची आहे. १९७० च्या सुमारास मी नोकरीला लागले तेव्हा एका शाळेत माझ्यासाठी पाण्याचे भांडे वेगळे ठेवलेले मी पाहिले आहे. गावाचे नाव सांगत नाही. ती पिढी गेली आणि तेथील मुलांनी मला पुढे लग्नपत्रिका पाठवल्या. पण दुसरी बाजूही सांगते. लग्नाच्या गोष्टी निघाल्या की आमच्या ख्रिस्ती घरांतूनही आजोबा मूळचे कोण, ही चौकशी हळूच होते. उपासनेत एका बाकावर बसायचे, एका प्याल्यातून प्रभुभोजन घ्यायचे, आणि सोयरीक जुळवताना जुनी वंशावळ काढायची! शेजाऱ्यांनी ठेवलेल्या वेगळ्या भांड्यावर बोलण्याचा हक्क मला आहे. पण त्याआधी आपल्या घरातली ही चौकशी बंद केली पाहिजे. ज्या राज्याचे आम्ही नागरिक म्हणवतो तेथे जातीचा दाखला चालत नाही, असे आम्हीच जगाला सांगत आलो आहोत.

टिळकांनी तर याहून मोठे धाडस केले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्यांचे म्हणणे असे होते की ख्रिस्त हिंदुस्थानात यायचा तो साहेबाच्या पोशाखात नव्हे. ख्रिस्ती मनुष्य अभंग गाईल, कीर्तन करील, देशावर प्रेम करील आणि ख्रिस्ताचा शिष्यही असेल. दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसणार होते. त्या काळी हे मिशनच्या लोकांनाही पचणे सोपे नव्हते आणि सनातनी मंडळींनाही. दरबार चालला थोडाच काळ. ९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले आणि पुढे तो विस्कळीत झाला. टिळकांची प्रतिभा मोठी होती, पण पैशाचा आणि व्यवस्थेचा हिशेब त्यांना कधी जमला नाही. घरातला तो सगळा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. राज्य म्हटले की कारभारही आला, मग ते देवाचे का असेना! टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच हाती घेतले. टिळकांच्या हातचे अध्याय थोडे. बाकीचे साठाहून अधिक या शाळेत न गेलेल्या बाईने लिहिले. १९३६ साली त्या वारल्या.

दरबार मोडला, पण त्यातला मूळ प्रश्न देशापुढे तीस वर्षांनी पुन्हा उभा राहिला. या खेपेस तो घटना समितीत आला. इंग्रजांनी धर्मवार मतदारसंघ करून ठेवले होते. स्वतंत्र भारतात अल्पसंख्य धर्मांच्या लोकांना विधिमंडळात राखीव जागा असाव्यात का, याचा १९४९ साली निर्णय व्हायचा होता. घटना समितीचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ. सरदार पटेलांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीत त्यांनीच ठराव आणला की अशा राखीव जागा नसाव्यात. मद्रासकडचे फादर जेरोम डिसोझा यांचाही राखीव जागा सोडण्यास पाठिंबा होता. ठराव मान्य झाला. ख्रिस्ती माणसाला मत मागायचे असेल तर ते त्याने सगळ्या शेजाऱ्यांकडे मागावे, आणि शेजाऱ्यांनी त्याचा माणूस पाहून द्यावे किंवा नाकारावे, असा त्याचा अर्थ. पुढे असे घडले का, किती घडले, यावर मतभेद असू शकतात. गावोगाव विखुरलेल्या लहान समाजाला याची किंमत मोजावी लागली असेही म्हणता येईल, आणि ते चूक नाही. परंतु घेतलेला निर्णय भिऊन घेतलेला नव्हता. आम्ही या देशाचे पाहुणे नाही, आम्हांला वेगळे ताट नको, असे त्यात होते. २६ जानेवारी १९५० पासून त्या घटनेप्रमाणे आपण सगळ्याजणी एकाच पंगतीत बसलो आहोत.

आता पेण तालुक्यातल्या खेड्याची गोष्ट. रशियात टॉलस्टॉय नावाचे थोर लेखक होऊन गेले. उतारवयात त्यांनी 'देवाचे राज्य तुमच्या अंतरात आहे' अशा अर्थाचे नाव असलेले पुस्तक लिहिले. येशूने डोंगरावर जे प्रवचन केले ते पूजेपुरते ठेवायचे की त्याप्रमाणे वागायचे, एवढाच त्यातील सवाल. वाइटाचा प्रतिकार हिंसेने करू नका, असे ज्याने सांगितले त्याचे अनुयायी म्हणवणारी राज्ये तोफा कशा ओततात, असे त्यांनी सडेतोड विचारले. रशियात त्या पुस्तकावर बंदी आली. पण १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत एका तरुण हिंदी वकिलाने ते वाचले आणि आपण त्याने भारावून गेलो असे आत्मचरित्रात लिहिले. ते वकील म्हणजे गांधीजी. पुढे रामराज्याचा अर्थ सांगताना गांधीजींनी स्पष्ट केले की त्यांना हिंदूंचे राज्य अभिप्रेत नाही, ईश्वराचे राज्य अभिप्रेत आहे.

पुस्तक वाचल्याच्या दुसऱ्याच वर्षी, ११ सप्टेंबर १८९५ रोजी, आपल्या पेण तालुक्यात गागोद्यास भाव्यांच्या घरी मुलगा जन्मला. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेही हेच वर्ष! तो विनायक म्हणजे आचार्य विनोबा. त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, शिकवण प्रसिद्ध आहे. घरचा फणस पिकला की आधी शेजाऱ्यांकडे वाटून यायचे, मग घरात गरे खायचे. देणारा तो देव आणि राखून ठेवणारा राक्षस, असे ती माउली मुलाला सांगे. या बाईने नवा करार वाचला नव्हता. तरी देवाच्या राज्यात वाढप कसे होते, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तोच मुलगा १९४० साली गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला म्हणून निवडला, आणि १९५१ पासून भूदानासाठी पायी देशभर हिंडत, एकाची जमीन दुसऱ्याला आपखुशीने देववीत राहिला. वाटणी जमिनीची झाली तरी रीत गागोद्याच्या फणसाचीच.

विनोबांनी गीतेवर लिहिले ते आपणां सर्वांच्या घरी आहे. पण त्यांनी कुराणातील वेचे निवडले तसे नव्या करारातीलही निवडले आणि 'ख्रिस्तधर्म-सार' म्हणून प्रसिद्ध केले, हे आमच्याही लोकांना फारसे ठाऊक नाही. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी दरबारात बसावे अशी टिळकांची इच्छा होती. विनोबा स्वतःला तसे म्हणवून घेते ना. ते सर्वच धर्मांपुढे नम्र होते आणि हिंदू म्हणूनच जगले. पण ज्या दरबाराला साताऱ्यात जागा पुरली नाही, त्यात या गागोदेकराला वरचे पान मिळाले असते असे मला राहून राहून वाटते.

'ख्रिस्तधर्म-सारा'ची एक जुनी प्रत माझ्याकडे होती, ती मी मंडळाच्या वाचनालयाला दिली आहे. खिडकीजवळच्या कपाटात खालच्या फळीवर आहे, पाने जपून उलटावी लागतात. 'स्मृतिचित्रे'ची प्रत मात्र गेल्या दिवाळीपासून कपाटात दिसत नाही. ज्या भगिनीने नेली असेल तिने वाचून झाल्यावर आणून द्यावी. तिच्यामागे आणखी चौघी वाट पाहत आहेत.